उतारा पुरा वाचणारी आत्या

माझी जयमाला आत्या वाचायला बसली की आधी घसा खाकरते. मग पानावर पीठ सांडल्यासारखा पालथा हात फिरवते. आणि मग पहिलं वाक्य इतकं हळू वाचते, की ते संपेपर्यंत विहाराबाहेरचं कुत्रंसुद्धा बसून घेतं. ही नक्कल मी सहावीपासून करते. शाळेत तिला मागणी असायची. "अश्वे, आत्या कर!" की मी खाकरायचे, हात फिरवायचे, आणि वर्ग आडवा. एकदा हे आत्याच्या कानावर गेलं. मला वाटलं, आता धपाटा. तर म्हणते कशी, "हाताचं बरोबर जमलंय. पण 'एकदा' म्हणताना मी मान वर करते, ते राहिलं तुझं."

तेव्हापासून गोष्टीतली सोंगं माझ्याकडं आली. आत्या वाचायची, आणि कोल्हा, सावकार, म्हातारी, पोलीस कोणी आलं की माझ्याकडं बघायची. मी लगेच सुरू.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडं, हायवे सोडून आत. आत्या इथलीच. नगरला डी.एड. केलं, पात्रता परीक्षा पास झाली, आणि भरतीची वाट बघत बसली. भरती निघाली, थांबली, कोर्टात गेली, पुन्हा निघाली, आणि तोवर आत्याचं वय निघून गेलं. मधे तिला पारनेरकडं दिली होती. तिथून ती एक ट्रंक घेऊन परत आली. ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त. का आली ते घरात कोणी काढत नाही, मीही काढणार नाही. मग मिरजगावच्या एका इंग्रजी शाळेत वर्षभर शिकवलं. तिथं म्हणे तिनं एकाच धड्यावर आठवडा घालवला. पोरं ऐकत होती म्हणून घालवला. शाळेनं तिलाच घालवलं.

त्यानंतर ती संध्याकाळी आमच्या बुद्धविहारात पोरं घेऊन बसायला लागली. सुरुवातीला आमच्याच वस्तीतली पोरं. गोष्ट, धडा, कविता, पेपरातली बातमी, जे असेल ते. ऐन वाचनात लाईट जायची, कारण आमच्या फीडरला गोष्टीचं वावडं आहे. पहिल्यांदा गेली तेव्हा पोरं उठून पळायला लागली. आत्या अंधारात म्हणाली, "बसा खाली. तो माणूस तिकडं जंगलात एकटा उभा आहे, आणि तुम्ही घरी चाललात? माणसाला मधेच सोडून उठायचं नाही."

मग पुस्तक मिटलं, आणि अंधारात ज्याला जमेल त्यानं गोष्ट पुढं नेली. एकानं त्या माणसाला झाडावर चढवलं, दुसऱ्यानं त्याला बिबट्या दाखवला, तिसऱ्यानं सरळ टेम्पो बोलावला. माणूस घरी पोचला तेव्हा आम्ही उठलो. तो नियमच पडला. लाईट गेली की गोष्ट पुरी केल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. पुढं पुढं तर पोरं लाईट जायची वाटच बघायची.

रेश्मा आली तेव्हा तिसरीत होती. तिची आजी झुंबरबाई तिला घेऊन आली, पण विहाराच्या पायरीखालीच उभी राहिली. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडं, त्यांच्यातलं कोणी आमच्या विहारात येत नसे. झुंबरबाईला दात नाहीत, त्यामुळं तिचं बोलणं ओठातून वारा सोडल्यासारखं येतं. "बाई, हिला ठिवून घ्या घटकाभर. माझं डोकं खाती. म्हनती, आज्जे, त्या कावळ्याचं पुढं काय झालं? मला काय म्हाईत बया कावळ्याचं? माझंच मला कळंना."

आत्या म्हणाली, "तुम्हीही या ना आत."

"नगं. मला हितूनच ऐकू येतंय," असं म्हणून झुंबरबाई पायरीवर टेकली. नंतर रोज टेकायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी म्हातारीचं सोंग तिच्याच आवाजात केलं, तेव्हा पोरं मागं वळून तिच्याकडं बघायला लागली. ती पण हसली. "अगं, ही तर माजी जाऊ बोलती!"

रेश्माचे आईबाप, सहादेव आणि छबूबाई, ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो, मग उन्हाळ्यापर्यंत कारखान्याकडं. तेवढे महिने रेश्मा आजीकडं. पण ती पाचवीत गेली त्या वर्षी तिला भाऊ झाला, आणि सहादेव म्हणाला, यंदा पोरगीला नेणार. बारकं कोण सांभाळणार? आईबाप दोघं पहाटेपासून फडात.

हे कळलं तशी आत्या ओढा ओलांडून त्यांच्या घरी गेली. मी पाठोपाठ होतेच. ती म्हणाली, "सहादेवभाऊ, एवढा एक हंगाम ठेवा हिला. नवोदयची परीक्षा देऊ द्या. लागली तर पार बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. तुम्हाला घोरच नाही. गणितात तर ही माझ्याही पुढं आहे."

सहादेव फार बोलत नाही. बोलतो तेव्हा मधे मधे लांब गप्प बसतो, त्यामुळं त्याची नक्कल करायला मला जमत नाही, लोकांना वाटतं मी विसरले. तो म्हणाला, "आन् न्हाई लागली तर?"

"लागंल."

"न्हाई लागली तर?"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"न्हाई लागली तर पुढल्या दिवाळीला घिऊन जानार. मंग तुमी मधी पडायचं न्हाई. शबूद द्या."

"दिला," आत्या म्हणाली.

छबूबाईनं त्या हंगामापुरती भावाची पोरगी मागून आणली बाळासाठी. रेश्मा मागं राहिली.

आता योगेशसर. मिरजगावला स्टँडजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर, त्यांचा क्लास आहे. सर बोलताना खडू असा धरतात, जसा कोणावर नेम धरलाय, आणि प्रत्येक वाक्याला मागून 'ओके?' लावतात. ही माझी सगळ्यात चालणारी नक्कल. "उतारा म्हणजे काय? उतारा म्हणजे जंगल. ओके? आपण जंगल बघायला आलोय का? नाय. आपण लाकूड तोडायला आलोय. ओके? प्रश्न आधी वाचा. त्यातला शब्द धरा. तो शब्द उताऱ्यात हुडका. गोल काळा करा. चला पुढं. उतारा वाचत बसला तो मेला. ओके?"

मी हे विहारात करून दाखवलं, पोरं लोळली. आत्या हसली नाही. दुसऱ्या रविवारी ती रेश्माला घेऊन योगेशसरांकडं गेली. म्हणाली, "हिला तुमचं शिकवा. मला ते येत नाही." सर पण भले माणूस. "मॅडम, पोरगी हुशार दिसतीय. बसू द्या. ओके?"

पहिल्या दिवशी रेश्मानं हात वर केला. उतारा होता वडाच्या झाडावर.

"सर, त्या वडाचं पुढं काय झालं?"

सर म्हणाले, "बाळ, पेपरात वडाचं काय होत नाय."

सगळा क्लास हसला. तिला सोडायला गेलेली मीही मागं बसून हसले. पण रेश्मा शिकली. सरांचे उतारे असायचे पाण्याचे महत्त्व, झाडांचे उपयोग, वाहतुकीचे नियम, दूध कसे आरोग्यदायी. त्यात कोणाचं काही अडकलेलंच नसायचं, मग पुढं काय झालं हे विचारायचं तरी कशाला? ती प्रश्न वाचायची, शब्द धरायची, गोल काळा, पुढं. सर म्हणायचे, "भाषा आधी उरकायची. फुकटचे मार्क. मग राहिलेला सगळा वेळ गणिताला अन् बुद्धिमत्तेला. ओके?" घरी आत्या गजराचं घड्याळ लावून तिच्याकडून पेपर सोडवून घ्यायची. गजर व्हायच्या आधी रेश्मा पेन ठेवून मोकळी. आत्या मला म्हणाली, "अश्वे, पोरगी लागतीय बघ." असं म्हणताना तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्याची नक्कल मी करून ठेवली आहे, अजून कोणाला दाखवलेली नाही.

परीक्षेला कर्जतला जायचं होतं. सरांनी टेम्पो ठरवला होता. मी नववीत, माझं काही काम नव्हतं, पण टेम्पोतली गंमत मला चुकवायची नव्हती. झुंबरबाईनं रेश्माच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "समदं आठीव गं बया. आन् शी-शू आधीच करून घे."

केंद्राच्या बाहेर आम्ही रस्त्याकडेला बसलो. आयांची माळच लागली होती. आत्यानं बरोबर पुस्तक आणलं होतं, पण एकही पान उलटलं नाही. पेपर सुटला तशी सरांची पोरं उड्या मारत आली. "अवघड नव्हता!" "माझं गणित समदं झालं!" "त्या आकृतीचं उत्तर क हुतं का ड?" सर प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते.

रेश्मा सगळ्यात शेवटी आली. हसत. उजव्या हाताची बोटं शाईनं निळी.

टेम्पो निघाला. सर पुढं ड्रायव्हरपाशी, बाकी आम्ही मागं. मधली खिडकी उघडी. सरांनी मान वळवून विचारलं, "रेश्मा, भाषा आधी केली का? ओके?"

"व्हय सर."

"किती बरोबर?"

"समदे."

"शाब्बास रे पठ्ठे!"

"ताई," रेश्मा आत्याच्या मांडीला टेकून म्हणाली, "एक लई भारी उतारा हुता. एक पोरगी हुती, तिचं वासरू हुतं तांबडं. आन् नदीला पूर आला. मंग समदे लोक वर टेकाडावर गेले. ती पन गेली आईसंगं. वर गेल्यावर तिला आठावलं, की वासराच्या दाव्याची गाठ सोडलीच न्हाई. आन् तिथंच संपीवला!"

"उतारा तिथंच संपतो," सर पुढून म्हणाले.

"मंग वासरू?"

"वासराचं काय? वासराचा रंग विचारला आसंल. तांबडा. ओके."

"त्यो केला मी. आन् मथळा पन केला. मंग म्हनलं, वासरू तर बांधलेलंच हाय." रेश्मा हसली. "मंग मी सोडीवलं."

"सोडवलं म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"माघारल्या बाजूला कोरं पान हुतं ना, कच्च्या कामाला, तिथं लिवलं. ती पोरगी टेकाडावरनं माघारी पळती. आई वरडती, पर ती ऐकत न्हाई. पानी कमरंला लागतं. गाठ भिजल्याली, ती सुटंना. मंग ती दातानं सोडती. आन् मंग ना, वासराला पवता येतं, तिला न्हाई येत. मंग ती त्याच्या शेपटीला धरती!"

मला राहवलं नाही. मी नाकातून वासरू काढलं, "हंबाऽऽ, धर गं घट्ट, शेपूट तुटंल माझं!" टेम्पो हसून हसून हलला. ड्रायव्हरपण हसला. रेश्मा तर माझ्या अंगावरच पडली.

"आणि गणित?" आत्या म्हणाली.

"गनित केलं की."

"सगळं?"

"पयलं पान केलं. मंग घंटा झाली."

"बुद्धिमत्ता?"

"ती थोडी. आकृत्या ऱ्हायल्या."

"अगं, येत होतं ना तुला सगळं?"

"येतंय की. समदं येत हुतं." रेश्मा आत्याच्या तोंडाकडं बघायला लागली. "पर ताई, पानी चढत हुतं. वासरू बांधलेलं ठिवून गनित कसं करू? तुमीच म्हनता ना, मधीच सोडून उठायचं न्हाई."

टेम्पोतलं हसू एकेक करून थांबलं. पोरं लहान होती, पण पेपर देऊन आलेली होती, त्यांना हिशोब कळला. योगेशसरांचं तोंड खिडकीत उघडं राहिलं होतं. मी वाट बघत होते, पण 'ओके' आलं नाही. ते हळूच पुढं वळले आणि रस्त्याकडं बघत बसले.

"चुकलं का, ताई?" रेश्मानं विचारलं.

"गोष्ट बरोबर आहे," आत्या म्हणाली.

मग तिनं रेश्माचा हात घेतला आणि पदरानं बोटांची शाई पुसायला लागली. शाई कधीच वाळली होती. मिरजगाव येईपर्यंत ती पुसत होती.

घरी आल्यावर माझा बाप म्हणाला, "आसं कसं केलं येड्या पोरीनं?" आत्या चुलीकडं तोंड करून म्हणाली, "तिनं न्हाई केलं. मी शिकवलं ते तिनं केलं." आत्या शिकवताना 'आहे-नाही' बोलते, घरात 'हाय-न्हाई'. त्या दिवसापासून तिचं शिकवतानाचं बोलणं कमीच ऐकू आलं.

निकाल लागला तेव्हा आत्यानं माझ्या मोबाईलवर नंबर टाकला. नाव नव्हतं. तिनं पुन्हा टाकला. मग म्हणाली, "रेंज न्हाई वाटतं इथं," आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेली. रेंज होती.

गाव मात्र बोललं. गावाला तेवढंच काम. चावडीपाशी आबासाहेब मिशीला पीळ देत, दर शब्दाला थांबत, "बघा... मी म्हनलं... हुतं. गोष्टीनं... प्वाट भरतंय... व्हय?" हे मी घरी करून दाखवलं, एरवी आत्या खुदकन हसली असती. ती म्हणाली, "खरंच बोलतोय तो." एकेक आई येऊन विहाराच्या दारातून पोर उठवून न्यायला लागली. "राग मानू नका ताई, पर तुमच्याकडं निस्त्या गोष्टीच असत्यात. याची पन परीक्षा हाय पुढल्या वर्साला." आत्या म्हणायची, "न्या." पोर म्हणायचं, "पुरी होऊ द्या ना गोष्ट!" आई दंडाला धरायची. मधेच उठून जाणारी पोरं मी विहारात त्या वर्षी पहिल्यांदा बघितली. आत्या त्यांना अडवायची नाही. शेवटी शेवटी आम्ही तिघीच उरलो. आत्या, मी आणि रेश्मा. आणि पायरीवर झुंबरबाई.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर आला. छबूबाईच्या भाचीला तिच्या बापानं पुन्हा पाठवलं नव्हतं, आणि बाळ आता चालायला लागलं होतं, म्हणजे चुलीपाशी जाणार, उसाच्या पाचटात शिरणार. कोणीतरी हवंच होतं.

आत्या ओढा ओलांडून गेली. ट्रॉलीत गोधड्या, पातेली, पत्रे, बांबू रचलेले होते आणि त्यावर रेश्मा भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आत्याला बघून सहादेव खाली उतरला.

"बाई, शबूद दिला हुता तुमी."

"हो."

"मधी पडायचं न्हाई म्हनला हुता."

"मधी पडाया न्हाई आले, भाऊ. बघाया आले."

सहादेवानं वर रेश्माकडं बघितलं. मग म्हणाला, "मला का हौस हाय व्हय?" आणि दोर आवळायला गेला.

छबूबाई म्हणाली, "ताई, वाईट वाटून घिऊ नका. लई जीव लावला तुमी." आणि डोळ्याला पदर लावून पातेल्याची झाकणं मोजत बसली.

झुंबरबाई दारातच होती. तिचा वारा फक्त येत होता, शब्द नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. त्या धडधडीत रेश्मा वरून ओरडली, "ताई! परवाची गोष्ट अर्धी ऱ्हायली!"

"फोनवर सांगते!" आत्या ओरडली.

"नक्की?"

"नक्की!"

आत्या ओरडते कशी, ते मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात योगेशसर आमच्याकडं आले. चहा घेताना बशी धरायची कुठं ते त्यांना कळेना. "मॅडम, भाषा तुम्ही घ्या माझ्याकडं. माझ्याच्यानं होत नाय आता. ओके?" शेवटचं 'ओके' त्यांनी इतकं बारीक म्हटलं, की प्रश्न होता का विनवणी, ते मलाही पकडता आलं नाही. आत्या म्हणाली, "येते."

विहार संध्याकाळी बंद असतो आता. मी दहावीत आहे, मीही सरांकडंच जाते. मधे पत्र्याचं पार्टिशन आहे. अलीकडं आम्ही बीजगणिताला, पलीकडं पाचवीची पोरं. एक दिवस पलीकडून आवाज आला. "उतारा म्हणजे जंगल. आपण जंगल बघायला आलोय का? नाही. प्रश्न आधी वाचा. त्यातला शब्द धरा. गोल काळा करा, चला पुढं." आमच्या बाकावरची पोरगी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अश्वे, तू बंद कर की, सर येत्याल." मी तोंड उघडलंच नव्हतं. पलीकडं आत्या होती. ना खाकरणं, ना पानावर हात फिरवल्याचा आवाज. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. पलीकडून एका पोरानं विचारलं, "बाई, पण मग त्याचं काय झालं?" आणि आत्या म्हणाली, "ते विचारलेलं नाही. पुढं चला."

परवा मैत्रिणी म्हणाल्या, "अश्वे, आत्या कर!" मी सुरू केलं आणि थांबले. आताची आत्या करायची तर योगेशसरच करावे लागतात. जुनी केली तर पोरींना वाटतं, मी दुसऱ्याच कोणाची करतेय.

काल संध्याकाळी छबूबाईच्या फोनवरून रेश्माचा फोन आला. आत्या भाकरीचं पीठ मळत होती, हात पिठाचे, म्हणून मी फोन स्पीकरला टाकून परातीशेजारी ठेवला. तिकडून ट्रकचे आवाज, कोणाच्या तरी शिव्या, कुत्री.

"ताई, मी रेश्मा!"

"बोल बाळा. जेवली का?"

"न्हाई अजून. भाकरी थापल्या पाच. मला आता जमत्यात, गोल येत्यात. ताई, तुमी अर्धी राह्यलेली सांगनार हुत्या."

"सांगते गं. रविवारी सांगते."

"मागल्या वेळी बी रविवार म्हनला हुता."

आत्यानं परातीत आणखी पाणी घातलं.

"बरं ऱ्हाऊ द्या. आज काय वाचलं पोरांनी?"

"एक उतारा."

"कशाचा?"

"कासवाचा. विहिरीत पडलेलं असतं."

"लई भारी! मंग? कासवाचं काय झालं?"

आत्याचे हात परातीत थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. पूर्वी कोल्हा नाहीतर म्हातारी आली की बघायची, तसं. पण माझ्यापाशी काही सोंग नव्हतं.

"माहीत न्हाई, बाळा," ती म्हणाली. "आमी पुरा वाचला न्हाई."

तिकडं ट्रक निघून गेला असावा, कारण एकदम शांत झालं. रेश्माचा श्वास ऐकू येत होता.

"मंग मी सांगू का?" ती म्हणाली. "एक दिवस ना, त्या इहिरीवर—"

बारकं कर्कश रडलं. छबूबाईची हाक आली, "रेश्मेऽ, आगं पोरगं चुलीकडं गेलं, मेले!" आणि फोन कट झाला.

आत्या फोनकडं बघत राहिली. स्क्रीन विझली तरी बघत राहिली.

"परत लावू का?" मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "तिला कामं असत्यात."

आणि तिनं पीठ मळायला घेतलं.